फरशीवरचा सूर्य

कवडशाला स्पर्श असतो, हे मोठेपणी कोणाला पटवून देता येत नाही. लहानपणी मात्र तो हातावर घेता यायचा. वसईच्या आमच्या जुन्या कौलारू घरात, जेवणाआधीच्या त्या रेंगाळलेल्या तासात, मी माजघराच्या शहाबादी फरशीवर पालथी पडून असायचे. बाहेर केळीच्या बागेत ऊन मावत नसायचं, विहिरीवरचा रहाट थांबलेला असायचा, आणि आत, धान्याच्या कणगीच्या नि जुन्या लाकडाच्या वासाने भरलेल्या अंधारात, छपरातून उजेडाची एकच तिरपी रेघ उतरलेली असायची. तिच्यात धुळीचे कण वर-खाली होत राहायचे, कुठेही जायची घाई नसल्यासारखे. रेघ जिथे टेकायची तिथे लहान वाटीच्या तळाएवढा उजेड. मी त्याच्याखाली तळहात धरायचे. ऊब लागायची, की ऊब लागते असं नुसतं वाटायचं, कोण जाणे. मूठ मिटली की तो मुठीवर येऊन बसायचा. हाती कधीच राहायचा नाही, आणि तरी हात रिकामा वाटायचा नाही.

त्याचं एक कोडं मला फार दिवस पुरलं. कौलाला पडलेलं भोक वेडंवाकडं होतं. पावसाळ्याआधी घर शाकारायला माणसं यायची तेव्हा ते फुटकं कौल खाली उतरवलेलं मी पाहिलं होतं. एका बाजूला टवका उडालेला, दुसऱ्या बाजूला नुसती फट. आजी ते कौल पुन्हा तिथंच, पण जरा सरकवून बसवायला सांगायची, म्हणजे पाणी येणार नाही आणि ऊन मात्र येईल. इतक्या ओबडधोबड फटीतून येऊन तो खाली इतका गोल कसा पडायचा? वाकड्या दारातून आत आलेला माणूस सरळ होतो का? आजीला विचारलं तर ती हसून तांदूळ निवडत राहायची.

त्याचं उत्तर मला ग्रहणानं दिलं. १६ फेब्रुवारी १९८०. त्या दुपारी सगळी वसई घरात होती, आळीतली कुत्रीसुद्धा गप्प, आणि आम्हां मुलांना खिडकीशी जायची बंदी. तिसऱ्या प्रहरी कवडसा फरशी सोडून पूर्वेच्या भिंतीवर चढायचा. त्या दिवशी भिंतीवर चढलेला कवडसा गोल नव्हता. कोणी तरी त्याचा घास घेतला होता. तो हळूहळू बारीक होत गेला, बीजेच्या चंद्रकोरीसारखा झाला, घरातला अंधार राखाडी झाला, आणि मग तो तितक्याच सावकाश पुन्हा भरून आला. मोठी माणसं देवाचं नाव घेत होती. मी भिंतीकडे बघत होते, आणि एकाएकी कळलं की इतकी वर्षं मी ज्याच्याशी खेळत होते तो भोकाचा आकार नव्हताच. ते सूर्याचं चित्र होतं. आमच्या घरात, कणगीच्या वर, खुद्द सूर्य यायचा.

आणि तो वेळेवर यायचा, हे आजीला ठाऊक होतं. फरशीच्या दोन ओळींमधला एक सांधा उत्तर-दक्षिण गेलेला होता. कवडसा पश्चिमेकडून सरकत येऊन तो सांधा ओलांडू लागला की आजी चुलीपुढून उठायची, कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण करायची, आणि तोंडातल्या तोंडात दुपारची प्रार्थना म्हणायची. चर्चची दुपारच्या आंजेलस प्रार्थनेची घंटा त्याच्या कितीतरी आधी वाजून गेलेली असायची. नोव्हेंबरात वीस-पंचवीस मिनिटं आधी, फेब्रुवारीत पाऊण तासाहूनही जास्त. “घंटा झाली की गं,” असं मी म्हटलं की ती म्हणायची, “घंटा रेल्वेच्या घड्याळावर वाजते, बाय. ऊन नाही वाजत.” पावसाळ्याचे चार महिने कवडसा रजेवर असायचा, तेवढे दिवस ती घंटेवर भागवायची, पण मनापासून नव्हे.

घंटा आणि ऊन यांच्यातलं हे अंतर वर्षभर का बदलतं, याचं कारण फार पुढे समजलं. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, आणि तिची सूर्याभोवतीची वाट अगदी गोल नाही. जानेवारीत ती सूर्याच्या जवळ असते तेव्हा वेगानं जाते, जुलैत लांब असते तेव्हा रमत जाते. आजीच्या प्रार्थनेच्या मागे-पुढे होण्यात ग्रहांच्या वाटांचं गणित मांडणारा केप्लर बसलेला होता. तिला ते नाव माहीत नव्हतं. मला वाटतं, केप्लरला आजी आवडली असती.

तिच्या गोष्टींमध्ये बायबलमधल्या यहोशवाची लढाई असायची. लढाई संपेपर्यंत दिवस मावळू नये म्हणून त्यानं सूर्याला थांबवलं आणि सूर्य थांबला, ही गोष्ट ती इतक्या सहज सांगायची की शेजारच्या वाडीत घडल्यासारखी वाटावी. एकदा मी विचारलं, “मग त्या दिवशी कवडसापण थांबला होता?” आजीनं हातातलं सूप खाली ठेवलं. खरोखर विचार केला. म्हणाली, “थांबला असेल तर कुणाला तरी भाकरी फार उशिरा मिळाली असेल.”

सूर्य चालतो की पृथ्वी, या एका प्रश्नासाठी युरोपात एका माणसाला गुडघ्यांवर बसावं लागलं होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आणि तो प्रश्न ज्या चौकटीत बसवून विचारावा असं मला वाटतं ती चौकट न्यायालयाची नाही. ती ईस्टरची आहे.

नाताळ कसा शहाण्यासारखा २५ डिसेंबरला येतो. ईस्टरचं तसं नाही. तो कधी मार्चच्या शेवटी येतो, कधी एप्रिल उलटत आल्यावर. उपवासकाळ सुरू झाला, कपाळाला राख लागली, घरातलं गोडधोड बंद झालं, की आम्हा मुलांचे डोळे भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे लागायचे. पलीकडच्या वाडीतल्या काकूंनी याचा छान हिशेब बसवला होता. “तुमचा सण आमच्या होळीच्या पौर्णिमेमागून येतो, नाहीतर मारुतीच्या पौर्णिमेमागून,” असं त्या म्हणायच्या, आणि दर वर्षी त्यांचं खरं व्हायचं. पौर्णिमेच्या रात्री आमच्या अंगणातल्या मोगऱ्यावर जे चांदणं पडायचं तेच त्यांच्या तुळशीवर पडायचं. एकाच चंद्राला दोन घरांचे सण सांभाळायचे होते.

नियम साधा दिसतो. वसंतात दिवस आणि रात्र सारखे झाले, म्हणजे वसंतसंपात आला, की त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. सूर्य, चंद्र आणि आठवड्याचा वार, तिघांची गाठ पडली पाहिजे. अधिक महिन्यांची सवय असलेल्या आपल्या माणसांना यातली मेख लगेच कळते. ही तिन्ही चाकं एकमेकांत नीट बसत नाहीत. पुनरुत्थानाची पहाट कोणती, हे सांगायला श्रद्धा पुरत नाही, आकाश पाहावं लागतं. सन ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेनं सर्व ख्रिस्ती जगानं हा सण एकाच दिवशी पाळावा असं ठरवलं, आणि पुढे २१ मार्च हा संपाताचा दिवस धरून गणित चालू राहिलं. पण ज्युलियस सीझरचं वर्ष खऱ्या वर्षाहून अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटं म्हणजे काय, एक माळ जपायला लागतात तेवढी. शतकांमागून शतकं ती साठत गेली, आणि सोळाव्या शतकात खरा संपात ११ मार्चला येऊन उभा राहिला. दहा दिवस आधी. सगळं ख्रिस्ती जग आपल्या सर्वांत मोठ्या सणाला चुकीच्या दिवशी मेणबत्त्या लावत होतं. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडरातले दहा दिवस काढून टाकले. ४ ऑक्टोबरला रात्री झोपलेली माणसं १५ ऑक्टोबरला उठली. त्यामागचं गणित ज्यांनी सांभाळलं त्या क्रिस्तोफर क्लावियस या जेझुइट धर्मगुरूचा एक विद्यार्थी, मात्तेओ रिच्ची, त्याआधी चार वर्षं गोव्याच्या बंदरात उतरला होता. पुढे तो चीनला गेला आणि तिथल्या विद्वानांच्या दारात शुभवर्तमानाबरोबर युक्लिडची भूमिती घेऊन उभा राहिला.

पण नवं कॅलेंडर बरोबर आहे हे तपासायचं कसं? त्यासाठी सूर्याला फार मोठ्या, फार अंधाऱ्या, फार स्थिर खोलीत बोलवायला हवं होतं. भोक जितकं उंच, तितकं खालचं चित्र मोठं, आणि मोजमाप नेमकं. आणि युरोपात सर्वांत उंच, अंधाऱ्या, स्थिर खोल्या कोणाजवळ होत्या? देवाजवळ. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटात सुमारे ९० मीटर उंचीवर तोस्कानेल्ली या खगोलशास्त्रज्ञानं पंधराव्या शतकातच भोक ठेवलं होतं. व्हॅटिकनमध्ये वाऱ्यांच्या मनोऱ्यात इग्नात्सियो दान्ती या डॉमिनिकन संन्याशानं फरशीवर रेघ आखली होती. आणि बोलोन्याला, सान पेत्रोनियोच्या प्रचंड देवळात, १६५५ मध्ये, जोवान्नी दोमेनिको कास्सिनी या तीस वर्षांच्या प्राध्यापकानं छपराला सत्तावीस मीटर उंचीवर एक भोक पाडवून घेतलं, अंगठ्याएवढ्या रुंदीचं, आणि खाली संगमरवरात सुमारे ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेघ बसवली. देवळाच्या अजस्र खांबांमधून ती रेघ जाणारच नाही, सूर्य खांबावर आपटेल, असं अनेकांना वाटत होतं. ती दोन खांबांमधून अगदी घासून गेली.

बोलोन्याला मी गेले ते हिवाळ्याच्या दिवसांत. शहर विटांच्या रंगाचं. कमानींखालून चालताना पावलांचा आवाज आपल्याच मागे येत राहतो. सान पेत्रोनियोचा दर्शनी भाग अर्धाच संगमरवरानं मढवलेला आहे, वरचा अर्धा शतकानुशतकं तसाच उघडा. आत शिरले, आणि आधी मला काही दिसलं नाही. फक्त तो वास आला: थंड दगड, मेण, विझलेला धूप. माझ्या आजीच्या शालीला रविवारी मिस्साहून आल्यावर हाच वास असायचा. मग डोळे सरावले आणि डाव्या बाजूला जमिनीवर रेघ दिसली, तिच्या कडेनं कोरलेल्या राशी दिसल्या, आणि उत्तरेच्या टोकाकडे, रेघेपासून अजून थोडा बाजूला, पडलेला उजेड दिसला.

जूनमध्ये इथे पडणारं सूर्याचं चित्र जेवणाच्या ताटाएवढं असतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, किरण लांबून येतात, आणि तेच चित्र माणसाच्या उंचीएवढं लांबट होऊन फरशीवर आडवं पडतं. त्याच्या कडा मऊ होत्या, किंचित थरथरत होत्या. आणि तो चालत होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या माजघरातल्या कवडशाचं सरकणं मी कधी पकडू शकले नव्हते. नजर हलवली की तो पुढे गेलेला असायचा, एवढंच. इथे, इतक्या उंचीवरून आलेला, तो डोळ्यांदेखत सरकत होता. दर सेकंदाला काही मिलिमीटर. संगमरवराची एक शीर त्यानं उजळली, सोडली, दुसरी उजळली. मी खाली बसले. आजूबाजूला पर्यटक फोटो काढत होते, एक म्हातारी बाकावर माळ जपत होती, आणि त्या लांबट उजेडाची पुढची कड रेघेकडे, एका राशीच्या चित्राकडे, न थांबता येत होती. तो सूर्य सरकत होता, की हे देऊळ, ही म्हातारी, हे खांब आणि मी असे सगळे मिळून फिरत होतो?

त्या फरशीवर हा प्रश्न किती जड आहे ते आठवलं, आणि हात थंड पडले. २२ जून १६३३ ला रोममध्ये, एकोणसत्तर वर्षांच्या गॅलिलिओनं गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपलं म्हणणं शपथेवर सोडलं होतं. कोपर्निकसचं पुस्तक १६१६ पासून, दुरुस्ती होईपर्यंत, वर्ज्य होतं. बोलोन्या पोपच्याच राज्यातलं शहर. आणि त्या शपथेनंतर अवघ्या बावीस वर्षांनी, त्याच ख्रिस्तसभेच्या देवळात, तिच्याच सणासाठी, छपराला भोक पाडून सूर्याला साक्षीला बोलावलं गेलं.

सूर्यानं साक्ष दिली. जुन्या मतानुसार सूर्य एका सरकलेल्या वर्तुळावर सारख्या वेगानं फिरत होता. तसं असेल तर त्याच्या जवळ-लांब होण्यानं फरशीवरचं त्याचं चित्र उन्हाळा-हिवाळ्यात अमुक इतकं बदलायला हवं होतं. केप्लर म्हणत होता, नाही. अर्धा फरक अंतराचा आहे, अर्धा खऱ्या वेगाचा. चित्र बदलायला हवं ते निम्म्यानंच. कास्सिनीनं मोजलं. उजेडाच्या थरथरत्या कडांमधून मोजलं, ऋतूमागून ऋतू. केप्लर बरोबर निघाला. यातून पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं नाही, आणि कास्सिनीनं तसा दावाही केला नाही. फिरणारं कोण, याबद्दल तो उजेड गप्प होता. पण जुन्या आकाशाचा एक खांब त्या मोजणीनं देवळाच्या आत ढिला झाला. आणि ज्या केप्लरचं गणित त्या कॅथलिक फरशीवर खरं ठरलं, त्याला त्याच्या स्वतःच्या ल्युथरन मंडळीनं लिंट्समध्ये प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं. तो १६३० मध्येच वारला. त्याला हे कळलं नाही.

त्याच काळात, त्याच शहरात, आणखी एक माणूस अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून उजेड आत घेत बसला होता. फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी, जेझुइट. त्याच्या लक्षात आलं की वस्तूच्या कडेपाशी सावली जिथे संपायला हवी तिथे संपत नाही; उजेड किंचित वळतो, कडेला रंगीत पट्टे उमटतात. त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १६६५ मध्ये, आलं. ग्रिमाल्दीचा वडीलधारा सहकारी रिच्चोली हाही जेझुइट, पृथ्वी स्थिर आहे असं मांडणारा. पण दोघांनी मिळून १६५१ मध्ये चंद्राचा नकाशा काढला तेव्हा रिच्चोलीनं चंद्रावरच्या एका देखण्या विवराला कोपर्निकसचं नाव दिलं. अजूनही तेच आहे. माणसं आपल्या मतांहून मोठी असतात कधीकधी. बरं वाटतं.

पण मला हे सगळं गोड करून सांगायचं नाही. कॉलेजात मी भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा वर्गातली मुलं मला ज्या नजरेनं विचारायची ती मी विसरले नाही: तू चर्चला जातेस? तुमच्यात गॅलिलिओला काय केलं? मी उत्तर द्यायचे नाही. काही काळ मी चर्चलाही जाईनाशी झाले. आईनं काही म्हटलं नाही. रविवारी सकाळी माझ्या खोलीचं दार हळूच ओढून घ्यायची, एवढंच. त्या दाराचा आवाज कोणत्याही वादापेक्षा जास्त बोलायचा. त्या सुमारास संत ऑगस्टीनचं उत्पत्तीच्या पुस्तकावरचं लेखन वाचलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो आफ्रिकेतला बिशप आपल्याच माणसांना बजावत होता की तारे, ऋतू, ग्रहणं यांबद्दल न जाणणाऱ्यांनी बायबलच्या नावानं काहीबाही बोलू नये. ऐकणारा हसेल, आणि मग पुनरुत्थानाबद्दल तुमचं कोण ऐकेल? बाराशे वर्षं ते वाक्य तिथे पडून होतं. गॅलिलिओनं ते शोधून पुढे केलं. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. १८३५ च्या वर्ज्य पुस्तकांच्या यादीत प्रथमच त्याचं नाव नव्हतं, आणि १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. उशीर म्हणावा तर किती!

आमचं ते घर पाडून स्लॅबचं झालं, आणि पुढच्या खोलीला मोठ्या काचेच्या खिडक्या आल्या. उजेड भरपूर. फरशीवर आता उन्हाचे लांबरुंद चौकोन पडतात, खिडकीच्या गजांसकट. त्या चौकोनांकडे बघताना एक दिवस लहानपणचं कोडं पुरतं उलगडलं. भोक लहान असलं की खाली सूर्याचा आकार पडतो. भोक मोठं असलं की खाली भोकाचाच आकार पडतो. खिडकीतून आलेल्या उन्हात मला माझी खिडकी दिसते. गॅलिलिओच्या न्यायाधीशांनी धर्मग्रंथाचा उजेड पाहिला नाही असं मला म्हणवत नाही. त्यांनी पाहिला, पण आपल्या सत्तेच्या, आपल्या भीतीच्या रुंद चौकटीतून पाहिला, आणि खाली पडलेल्या चौकोनालाच सूर्य समजले. तसं विज्ञानाच्या नावानंही होतं. विश्वाचं वय कळलं, पेशीतली साखळी वाचता आली, म्हणून आता विचारण्यासारखं काही उरलं नाही असं कोणी छातीठोक सांगू लागलं की मला त्या बोलण्यात गजांच्या सावल्या दिसतात.

भोक लहान ठेवणारा एक माणूस मला फार जवळचा वाटतो. जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, पहिल्या महायुद्धात सैनिक, मग धर्मगुरू, मग प्राध्यापक. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यानं १९२७ मध्ये समीकरणांतून दाखवलं, आणि १९३१ मध्ये, सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी, असं मांडलं. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञानाच्या या नव्या सुरुवातीत, प्रकाश होवो, या पहिल्या आज्ञेचीच साक्ष दिसते असं मोठ्या हर्षानं सांगितलं. किती मोह असेल त्या क्षणी! आपलं आयुष्यभराचं गणित आणि आपली आयुष्यभराची प्रार्थना यांवर खुद्द पोपनी एकच शिक्का उठवलेला. लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धान्त उद्या चुकीचाही ठरू शकतो, आणि देव असल्या गृहीतकावर टेकून उभा राहत नाही, हे तो जाणून होता. त्याचा देव यशयाच्या पुस्तकातला होता, स्वतःला झाकून घेणारा. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही. विश्वाच्या आरंभाविषयीचा आपला सिद्धान्त नास्तिकालाही मोकळं सोडतो, असं लमेत्रनं पुढे स्वच्छ सांगितलं. पांढरी कॉलर गळ्यात असलेल्या माणसानं हे सांगावं यात मला शरणागती दिसत नाही. मला त्यात खोल विश्वास दिसतो; ज्याला आपल्या देवाची काळजी नाही तोच इतका मोकळा असू शकतो.

१९६६ च्या जूनमध्ये तो वारला. त्याच्या आधी थोडेच दिवस, आजारपणात, त्याला कळलं होतं की आकाशाच्या प्रत्येक दिशेनं येणारं एक अगदी मंद प्रारण सापडलं आहे, विश्वाच्या बाल्यातून निघालेलं, थंड होत होत आपल्यापर्यंत पोहोचलेलं. सगळ्यात जुना उजेड. ती बातमी ऐकून त्यानं आधी काय केलं असेल, पेन शोधलं असेल की माळ? मला दोन्ही खरं वाटतं, आणि त्या दोन्हींच्या मधलं अंतर मिटवावं असं मला वाटत नाही.

मी पुन्हा चर्चला जाऊ लागले ती काही कोणा शास्त्रज्ञाच्या पुराव्यावर नव्हे. आजी गेली त्या वर्षीच्या ईस्टरच्या रात्री नुसती गेले. अंधारात पास्काची मोठी मेणबत्ती आत आली, तिच्यावर कोरलेला वर्षाचा आकडा जवळून जाताना मला वाचता आला, आणि शेजारचीनं तिच्या ज्योतीवरून माझी मेणबत्ती लावली. त्या ज्योतीचं रसायन मला पाठ होतं. त्यानं काही बिघडलं नाही, आणि त्यानं काही सिद्धही झालं नाही. फक्त एवढं मनात आलं की ही रात्र आज आहे, काल नाही, हे ठरवायला किती माणसांनी किती फरशांवर डोळे दुखेस्तोवर वाकून बघितलं असेल. आणि त्यांतल्या कित्येकांना तिथे जे दिसलं ते त्यांना दिसायला नको होतं.

तो हिशेब अजूनही पुरा झालेला नाही. ग्रेगरीचं वर्षही खऱ्या वर्षाहून सुमारे २७ सेकंदांनी मोठं आहे. त्या सेकंदांचा मिळून एक दिवस व्हायला तीन हजारांहून अधिक वर्षं लागतील, पण तो दिवस येईल, आणि तेव्हा वसंत कॅलेंडरच्या एक पाऊल पुढे उभा असेल. ही चूक धर्मगुरूंनाही ठाऊक आहे आणि खगोलशास्त्रज्ञांनाही. ती कोणी लपवलेली नाही, आणि दोघांच्या नात्यात मला आज हीच गोष्ट सर्वांत प्रामाणिक वाटते. पुनरुत्थानाचा सण चुकू नये म्हणून कोणाला तरी पुन्हा सूर्य मोजायला बसावं लागेल. तो माणूस पाद्री असेल की नास्तिक, याची मला काळजी वाटत नाही. त्यानं कवडशाची कड जिथे दिसेल तिथेच खूण करावी, आणि आलेला आकडा, तो कोणालाही नकोसा असला तरी, मोठ्यानं वाचून दाखवावा, एवढंच मागणं आहे.